तिकोनी चांदणी

(मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्यासोबत एका गच्चीवर चला. नागपुरातली विणकरांची जुनी वस्ती आहे, सरत्या हिवाळ्यातली दुपार आहे. पत्र्याच्या सावलीत, सूर्याकडे पाठ करून, घरी बनवलेली एक दुर्बीण पाटावर आडवी ठेवली आहे. तुमच्या छातीपर्यंत येईल एवढी लांब नळी. तिच्या तळाशी बशीएवढा आरसा, तोंडाशी बिस्किटाएवढा तिरपा आरसा. दोघे एकमेकांकडे नीट बघेनात, म्हणून त्यांना जुळवायला बाबनराव आणि त्यांची सहावीतली नात प्रणाली बसली आहेत. बाबनराव आधी विणकर होते, मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस. आजी, वच्छलाबाई, बाजूला तुरीच्या शेंगा सोलते आहे. बोलणं आधीच सुरू झालं आहे. आपण गुपचूप ऐकू.)

प्रणाली: शी, आबा, मी नाही हात लावत. अर्धी बाटली सॅनिटायझर ओतलं नळीवर, तरी मले संत्र्याचा वास येऊनच राहिला.

बाबनराव: नळी पुसली ते पुसली. आरशाले तर नाही नं लावलं काही?

प्रणाली: आरशाकडे मी पाह्यलंच नाही. त्याच्यावर खालच्या खोलीतल्या काजलचे बोटं असतील. चिकट. ती नाक बाहीले पुसते आन् त्याच हातानं सगळ्याले हात लावते. मले उलटीसारखं होते.

वच्छलाबाई: मी शेंगा सोलून राहिली वं. तोंड सांभाळ.

बाबनराव: बोटं नंतर पाहू. आधी आरसे जुळवू. हे झाकण घे, याच्या मधात बारीक छेद आहे. डोळा लावायचं भिंग काढ आन् त्याच्या जागी हे बसव. नळीचं तोंड चुन्याच्या भिंतीकडे आहे, उजेड बरा येईल. पाह्य आता. काय दिसते?

प्रणाली: छोटा आरसा. त्याच्यात मोठा आरसा दिसून राहिला.

बाबनराव: मोठ्याले धरणारे चिमटे किती दिसते?

प्रणाली: दोन. नाही, दोन आन् अर्धा.

बाबनराव: तिन्ही पुरे दिसले पाहिजे. छोट्याच्या मागं तीन बारीक स्क्रू आहे. एक ढिला कर, तेवढाच दुसरा आवळ. पाव फेरा. पाना हातातून सुटला तरी मोठ्या आरशावर पडत नाही, म्हणून तर नळी आडवी ठेवली.

प्रणाली: हा आला थोडा. थांबा. आला. तिन्ही आले.

बाबनराव: आता मोठ्या आरशाच्या मधात मी आजीची टिकली लावली आहे, ते शोध.

प्रणाली: दिसली. पण मधात नाही आहे. छोट्या आरशाची काळी सावली आहे नं, तिच्या बाहेर पळाली आहे.

बाबनराव: म्हणजे मोठा भलतीकडेच पाहून राहिला. मी त्याच्या मागचे स्क्रू फिरवतो, तू सांगत राह्य.

प्रणाली: डावीकडे गेली. अजून डावीकडे. अहो उलटं आबा, उलटं. हां, आता येऊन राहिली. बस, बस. एकदम सावलीच्या मधात.

वच्छलाबाई: बसली माझी टिकली? मग संध्याकाळी बोलवा पोरायले.

प्रणाली: बोलवलं. मेघा, साहिल, सातही जण येऊन राहिले. आज गुरूचे चारही मोठे चंद्र दाखवते त्यायले. मागच्या सोमवारी हसले मले. चांदणी तिकोनी दिसली तर साहिल म्हणे, हा तर समोसा आहे.

वच्छलाबाई: काजल आहे का सातात?

प्रणाली: ती काहून? तिनंच तर बिघडवलं सगळं.

बाबनराव: तिकोनी? तू तर मले धुरकट म्हणाली होती.

प्रणाली: धुरकट पण. तिकोनी पण.

बाबनराव: बोटाच्या डागानं चांदणी तिकोनी होत नाही बाई. आरसा तिरपा असला तर तिले शेपटी येते. तिकोनी होते ते वेगळ्यानं. टॉर्च दे.

प्रणाली: पण टिकली तर बसली नं?

बाबनराव: टॉर्च दे. हां. आता तोंडातून आत पाह्य, तूच पाह्य. कुठं आहे बोटं?

प्रणाली: थोडी धूळ आहे. एक चिलट मरून पडलं आहे. शी.

बाबनराव: चिलटाचं राहू दे. बोटं दाखव.

प्रणाली: नाही दिसत.

बाबनराव: मागच्या रविवारी मी आरसा धुतला. परत बसवताना चिमटे कोणं आवळले?

प्रणाली: मी. तुम्हीच म्हटलं होतं आवळ म्हणून.

बाबनराव: किती आवळले?

प्रणाली: फिरता फिरेनात तितके. तुम्ही मले मागावर काय सांगता? ताणा असा पाहिजे की टिचकी मारली तर वाजला पाहिजे. मी तसेच आवळले.

बाबनराव: ते सूत होय बाई. ही काच आहे. चिमट्यानं तिले पडू द्यायचं नाही, बस, इतकंच. चिमट्याखालून कागद सरकला पाहिजे. मी आरसा धरणारी मागची ताटली काढतो, तू कागद घालून पाह्य.

प्रणाली: नाही जात. इथून पण नाही. तिन्ही ठिकाणी नाही जात.

बाबनराव: तीन ठिकाणी दाबली, तीन कोन आले. डोळ्याले काच सरळच दिसते, पण उजेडाले कळते. माझ्याच्यानं हे सांगायचं राहून गेलं. आयुष्यभर ताणत राहिलो, ढिलं कुठं ठेवायचं ते कोणाले सांगितलंच नाही.

वच्छलाबाई: मग काजलनं काय केलं होतं?

प्रणाली: तिनं नळीले हात लावला होता.

वच्छलाबाई: आतून का बाहेरून?

प्रणाली: बाहेरून.

वच्छलाबाई: आन् तू सांगितलं की तिनं आत हात घातला.

प्रणाली: सगळे हसून राहिले होते, आजी. मेघा म्हणे, तुझ्या आबानं भंगारातून आणली. काजल बाजूले उभी होती संत्रं खात. तोंडातून निघून गेलं.

वच्छलाबाई: तुझ्या तोंडातून निघालं आन् सात पोरं ते गल्लीभर घेऊन फिरले. चिकटी म्हणते तिले. खेळात घेत नाही. आज सकाळी नळावर काजलच्या मायनं, शोभानं, सांगितलं मले. ते बाई दिवसभर सदर बाजारात ज्यूसच्या ठेल्यावर संत्रे सोलते, तिच्या पोरीले संत्र्याचा वास नाही येईल तर कशाचा येईल? पारशिवनीहून येऊन आपल्या खालच्या खोलीत राहते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पोरगी आता कपड्याच्या साबणानं हात घासत बसते. सालपटं निघाले बोटायचे.

प्रणाली: मले नव्हतं माहीत.

वच्छलाबाई: आन् तुम्ही हो? तुम्ही काय कमी? "जा खाली, पुन्हा वर पाय ठेवू नको." सहा वर्षांच्या लेकराले. ते उतरली तशी हिनं जिन्याचा कठडा पुसला. मी पाहून राहिली होती. विटाळ झाल्यासारखा पुसला. तेव्हा मले किळस आली. काजलची नाही. आपलीच.

बाबनराव: म्हटलं मी तसं. आरशात न डोकावता म्हटलं. प्रयोगशाळेत पोरायले रोज सांगत होतो, आधी पाहा, मग लिहा.

प्रणाली: आबा, माझंच मले घाण वाटून राहिलं.

बाबनराव: वाटू दे थोडा वेळ. लगेच पुसाले जाऊ नको.

प्रणाली: मी तिले एकटीले गाठून सॉरी म्हणते.

बाबनराव: खोटं किती जणांपुढं बोलली होती?

प्रणाली: सात.

बाबनराव: मग?

प्रणाली: ते हसतील. पुन्हा.

बाबनराव: हो, हसतील.

प्रणाली: आन् चिमटे ढिले केले तर टिकली पुन्हा सरकेल नं? सात वाजता सगळे येतील. मग आज काय दाखवू?

बाबनराव: सरकेल. पुन्हा जुळवू. आज नाही जमलं तर उद्या जमेल. गुरू काही गाव सोडून नाही जात.

वच्छलाबाई: कुठं चालली वं? चप्पल तर घाल पायात.

बाबनराव: जाऊ दे तिले. तू जरा खाली वाकून पाह्य, मले इतक्या दुरून दिसत नाही.

वच्छलाबाई: पोरं गल्लीत क्रिकेट खेळून राहिले. हिनं चेंडू धरून ठेवला. बोलून राहिली काहीतरी.

बाबनराव: काय म्हणते?

वच्छलाबाई: इथून काय ऐकू येते? साहिल हसला. मेघा नाही हसली.

बाबनराव: काजल कुठं आहे?

वच्छलाबाई: आपल्या दारात, पडदा धरून. प्रणाली गेली तिच्यापाशी. बोलली.

बाबनराव: आली का ते बाहेर?

वच्छलाबाई: नाही. मान हलवली, नाही म्हणून.

बाबनराव: मग आपली पोरगी वापस येऊन राहिली असेल.

वच्छलाबाई: नाही. तिथंच बसली, त्यायच्या पायरीवर.

बाबनराव: माझी काठी दे इकडे. त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं तर मीच बोललो होतो.

वच्छलाबाई: जा. पण हळू जा, आवाज करू नका. प्रणाली जरा सरकून बसली आहे, बाजूले जागा ठेवून.