वनमालाबाईंचं कुंपण

सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्राचार्य साहेब, व्यासपीठावरची थोर मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती वनमालाबाई आणि समोर जमलेले माझे बंधुभगिनी, सर्वांना या सहदेवचा नमस्कार. मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला शिपाई. बाईंच्या निरोपाला मला बोलायला उभं केलंत, पण काय बोलू तेच कळेना.

आत्ताच साहेब म्हणाले, बाईंच्या कुंपणामुळे बोरिवलीच्या नदीकाठचं ते दुर्मिळ जांभळं फूल वाचलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या! तिथेच माझा घोटाळा झाला.

सन ऐंशीत कुंपण घातलं. दर भाद्रपदात, पूर ओसरला की बाई आणि मी चिखलात बसून एकेका रोपाशेजारी आइस्क्रीमची काडी खोचायचो. मोजणीची आमची हीच रीत. (काड्या जमवायच्या म्हणून पोरांना सारखं आइस्क्रीम, त्यापायी माझ्या घरात खोकला कायमचा, ते असो.) पहिल्या वर्षी चारशे काड्या लागल्या. मग दोनशे, मग चाळीस. यंदा एकही नाही. गवत मात्र कमरेएवढं. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. "सहदेव, कोणीतरी उपटून नेतंय रे," म्हणाल्या. मी आठवडाभर पाळत ठेवली. चोर कुठला सापडायला?

कुंपणाबाहेर गावठाणातल्या कॉस्मस नावाच्या गवळ्याच्या म्हशी चरतात. सात वर्षं मी त्यांना काठीने हाकललं. परवा सहज तिकडे वळलो, तर खुरांनी तुडवलेल्या चिखलात तीच फुलं! मोजली, त्रेसष्ट भरली. कॉस्मस हसायलाच लागला. "म्हशी गवत खातात, मग फुलाला ऊन मिळतं ना, यार. तुम्ही सात वर्षं गवत राखलंत!"

आता सांगा, बाईंच्या एवढ्या मायेला चूक कोणत्या तोंडाने म्हणू? आणि गप्प बसावं, तर फूल जातंय. आतल्या मातीत बी तरी उरलंय का? मला ठाऊक नाही. खरं सांगतो, भीती वाटते.

बाई, तुम्हाला न विचारता आज सकाळी मी एका बाजूची तार कापली. म्हशी आत सोडल्यात. चुकलं असेल तर आत्ता सांगा, धावत जाऊन बाहेर काढतो.

अहो बाई, उठलात कशाला? निदान शाल तरी... काय म्हणता? एकच बाजू का कापली?

अध्यक्ष महोदय, सत्कारमूर्ती निघाल्या. उरलेल्या तीन बाजू त्यांना स्वतःच्या हाताने कापायच्यात म्हणे. पक्कड माझ्याकडे आहे, तेव्हा मलाही जावं लागेल. ऐकून घेतलंत, मोठे उपकार झाले. अधिकउणं बोललो असेन तर पदरात घ्या, आणि चहा आमच्यासाठी थांबवू नका.