ऑस्टिनच्या मागच्या काचा

न्हाई नाईक, मागची काच खाली होत न्हाई. मोडकी न्हाई — मीच बसवून टाकली तशी. मूठ काढली, खोबणीत नमद्याची पट्टी ठोकली, वरून खडू-तेलाची लांबी भरली, चारी बाजूंनी. बोट फिरवून पाहा. फिरवा की. कुठं फट लागली? न्हाई ना. हिंगोली ते साखरा रस्ता तुमी माझ्यापेक्षा जास्त तुडवला, धूळ कशी असती ते मी काय सांगू? नवरी नवं लेवून बसती अन् उतरती ती पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. माझ्या गाडीत तसं न्हाई. तुमच्या लेकीच्या, मोतीच्या ओढणीवरचा एक आरसा मळला तर जळबाचं नाव टाकून द्या.

बसा, आत बसून पाहा. हे रेक्झिन नांदेडहून आणलं. वीस वर्सं टांग्याच्या गाद्या भरल्या मी — टांगे गेले, हात राहिले. ही ऑस्टिन निजामाच्या वक्ताला कोण्या तालुकदाराची. माझ्याकडं आली तेव्हा सीटमधी कोंबडी अंडी घालत होती — हसू नका, खरं सांगून राहिलो, आमच्या मालननं आठ दिवस रांधली ती अंडी. इथंच, अंगणात, सगळं उसवलं. स्प्रिंगा काढल्या, राखेनं घासल्या, वर काथ्या, काथ्यावर कापूस, अन् दाभणानं एकेक टाका. छताला मांजरपाट. काचा पिवळ्या पडल्या होत्या, त्या खडूची पूड अन् ओलं वर्तमानपत्र घेऊन महिनाभर घासल्या. अन् हा पडदा पाहा — मी गाडी चालवणार, नवरदेव माझ्याजवळ फुडं, फुडच्या काचा उघड्या, मधी हा जाड पडदा, मागं नवरी. रडली तरी कोणी पाहणार न्हाई.

इंजिन? इंजिन माझं काम न्हाई. चालतं ते. खालचं धूर जायचं नळकांडं कुठंतरी फुटलंय, म्हणून जरा खोकती गाडी, म्हातारी झाली. वास? नव्या रेक्झिनचा वास तो. जाईल.

काय? तुमच्यातल्या धर्मसिंगची पोरगी? — कोणी सांगितलं तुमाला, ह्याच गाडीत होती म्हणून? बरं. व्हय, ह्याच गाडीत. मी लपवलं कुठं? तेव्हा सीट हिरवी होती. दुष्काळ सरला त्याच्या फुडच्या उन्हाळ्यातली गोष्ट, दोन वर्सं झाली. मिरा नाव तिचं. बाहेरचं झालं तिला. मी न्हाई म्हणत — तिचा बापच म्हणतो, भगतानं सांगितलं त्याला, वाटेत चिंचेखाली गाडी थांबली म्हणून झालं. मग मी कोण बोलणार मधी? थांबलो खरं चिंचेखाली. तिची मावशी ओकून राहिली होती. मागं दोघीच होत्या, ती अन् मावशी. म्हातारी म्हणली, डोकं फुटून राहिलं, मला न्हाई बसायचं ह्यात. आमी हसलो. बैलगाडीतली बाई, मोटार लागली म्हणलो. नवरदेव बी हसला. म्हातारी मागच्या छकड्यात जाऊन बसली. ती जिती हाय अजून, शेळ्या चारती. अन् पोरगी मागं एकली राहिली.

मग रडू लागली. आता तुमीच सांगा नाईक — तुमच्या तांड्यात पोरगी सासरी निघाली की ढावलो, ते रडायचं गाणं, म्हणत रडती, न्हाई रडली तर बायका नावं ठेवतात, व्हय का न्हाई? मी किती वराती नेल्या, सगळ्या रडतात. ही बी रडली. काचेवर हात मारून राहिली. नवरदेव म्हणला, लई रडती ही — अन् लाजला. मी म्हणलो, रडू द्या, माहेर सुटून राहिलं तिचं. शब्द? पडद्यातून शब्द कुठले कळतात, अन् तुमची बोली मला येती तरी केवढी? याडी, याडी म्हणत होती एवढं कळलं. आईला हाक मारती म्हणलो. सगळ्याच मारतात. सेनगावच्या अलीकडं गप झाली. बरं वाटलं मला — खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. उपाशी पोरगी, उन्हाची निघालेली, नीज लागली म्हणलो.

दार उघडलं तर गाल लाल होते तिचे. मेलेलं माणूस तसं दिसत न्हाई नाईक.

घरी आलो अन् सीट उचलली. — काहून म्हणजे? मळली होती म्हणून. न्हाई, मळली नव्हती. उचलली. खालून काजळी धरली होती, चुलीमागची भिंत असती ना, तशी. खालचा पत्रा सडलेला, मूठ जाईल एवढं भगदाड. काजळी मी घासून काढली. कोणाला दाखवली न्हाई. दाखवून पोरगी उठली असती? आता डांबरात भिजवलेलं गोणपाट टाकलंय तिथं, दोन पदर, वर ही चटई — चटई नका उचलू. नाईक, ती खिळ्यानं — बरं. पाहिलं ना? एवढंसंच हाय. तेव्हा मूठ जात होती, आता बोट जातं.

काच उघडी करायला काय जातं म्हणता? अहो, लांबी काढायला मला घटका बी लागणार न्हाई. पण उघडी केली की लोक इचारतील, जळबा, काहून उघडी केली? काय सांगू? इतकी वर्सं बंद होती, आता काहून? म्हणून पुन्हा भरली. पहिल्यापेक्षा चांगली भरली.

मी? मी बसू मागं? आत्ता — इंजिन चालू ठेवून? हे काय बोलणं झालं? हजारदा बसलोय मी, टाके मारताना दिस दिस बसलोय. बंद गाडीत, व्हय. चालू गाडीत चालवणारा मागं कसा बसंल? उभ्या गाडीत? दार लावून, घटकाभर? न्हाई. आज न्हाई. आज अंग बरं न्हाई माझं. तुमी नका बसू तिथं, उतरा, उतरा आधी.

राहू द्या मग. मोतीला बैलगाडीतून न्या, धूळ खात. मला गिऱ्हाईक कमी न्हाई. आत्ता गोरेगावची माणसं येऊन राहिली, त्यांच्या पुनमचंदच्या पोरीसाठी गाडी पाहायला. ती माणसं इकडची न्हाईत, त्यांना ना मिरा ठाऊक, ना मावशी. अन् तुमच्याशी बोललो तेवढं मी कोणाशी बोलत न्हाई. तुमच्याशी बी बोलणार नव्हतो. निघा आता. राम राम.

राम राम म्हणलो ना. वाट तिकडं हाय. उंबऱ्यावर काहून बसले? — त्यांची वाट पाहता? तुमचं काय काम त्यांच्याशी? ना तुमच्या नात्याचे, ना गावचे. अहो पोरगी त्यांची, तुमाला काय तकलीफ? पाणी प्या, चहा टाकायला सांगतो, पण आत येऊन बसा, तिथं न्हाई. दारात न्हाई. नाईक. जीप थांबली वाटतं कोपऱ्यावर. उठा. मी हात जोडतो, उठा — नाईक —