टर्बो थंड होईपर्यंत

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष महोदय, आवर्जून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, ग्रंथालय समितीचे सचिव आणि सर्व सदस्य, आमच्या यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेला कर्मचारी वर्ग, एकाच वर्तमानपत्रासाठी रोज एकमेकांवर डोळे वटारणारे ज्येष्ठ वाचक, बालविभागातली चिल्लीपिल्ली, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही दाराशी उभे असलेले आमचे बेकरीवाले भावजी, सर्वांना माझा नमस्कार.

भावजी, बसून घ्या हो. किल्ली माझ्या भाषणानंतर आहे, आणि भाषण लांबणार आहे.

झालंय असं, की सचिवांनी मला फोन केला. म्हणाले, "वहिनी, साहेबांबद्दल दोन शब्द बोला, आणि शेवटी गाडीची किल्ली बेकरीवाल्यांच्या हातात द्या. म्हणजे निरोपही होईल आणि फोटोही छान येईल." म्हणजे आज या ग्रंथालयातून आमचे हे निवृत्त होणार आणि आमच्या दारातून यांची गाडी निवृत्त होणार. ही बघा ती किल्ली. सकाळपासून मुठीत धरून बसले आहे. हार घालतानाही सोडली नाही, म्हणून तो हार यांच्या एकाच कानावर अडकला.

आधीच्या सगळ्या वक्त्यांनी यांच्या शांत स्वभावाचं कौतुक केलं. खोटं कशाला बोलू, खरंच शांत आहेत. 'शांतता राखा' ही समोरची पाटी यांनीच लावून घेतली. इथे कोणी शिंकलं तरी हे चष्म्यावरून बघतात आणि शिंकणारा पुढची शिंक घरी जाऊन देतो. पण मला एक सांगा, असा हा माणूस सकाळी कामावर आला की याच पाटीची काच का हो थरथरायची? वाचकांनो, लाजू नका, बोला. दूध उतू जातंय की काय असं वाटून समोरच्या इमारतीतल्या बायका गॅस बंद करायला धावतात, तो आवाज कसला असतो? आमच्या ग्रंथपालांच्या गाडीचाच ना?

ती गाडी तुम्ही बाहेर पाहिलीच असेल. जुनी, जपानी, निळी. तिचं पूर्ण नाव मी घेत नाही, कारण ते घेतलं की हे उठून ती कितवी पिढी, कुठलं इंजिन आणि त्यानंतरच्या मॉडेलमध्ये कंपनीनं काय घालवलं, हे सांगायला लागतील आणि चहा थंड होईल.

ती घेतली तेव्हा आमचं नवीन लग्न झालेलं. मला म्हणाले, "फॅमिली गाडी बघून आलोय. चार दारं आहेत." मी भोळी, म्हटलं, घ्या की. दारात येऊन उभी राहिली तर बॉनेटवर हे एवढं भोक आणि मागे डिकीवर पंख. मी म्हटलं, "अहो, हे मागे काय आहे?"

"हवा दाबायला."

"कोणाची?"

हे उत्तर देत नाहीत तेव्हा समजायचं, खर्च झालेला आहे. मी दुसऱ्या दिवशी त्या पंखावर पायपुसणी वाळत घातली. आमच्या संसारातलं पहिलं भांडण ते. चार दारांचं म्हणाल तर आहेत चार, मोजून घ्या. पण मागच्या दारानं आत बसलेला माणूस पुन्हा आपण होऊन मागे बसलेला मी पाहिला नाही. आमच्या नणंदबाई तर म्हणाल्या, "वहिनी, मी बसनं येते, बस मऊ असते."

तर प्रश्न असा पडतो, की अशा गाडीवर शहाणीसुरती माणसं जीव का टाकतात? आतलं प्लास्टिक डब्याच्या झाकणासारखं. गारवा यायला लागतो तोवर घर येतं. स्टिअरिंग जड, क्लच त्याहून जड. रस्त्यात खडा असला तर तो कुठल्या आकाराचा आहे हे बसल्या जागी कळतं. मी एकदा न राहवून विचारलं. तर हे म्हणाले, "नव्या गाड्यांत रस्ता लागतच नाही. हिच्यात लागतो."

मी म्हटलं, "लागतो ना! मला कमरेत लागतो."

पण असे हे एकटेच असते तर मी वैद्यांना दाखवलं असतं. अख्खं टोळकं आहे! रविवारी सकाळी मंडईमागच्या मैदानात जमतात. एक दातांचे डॉक्टर, एक शिंपी, एक बँकेतले साहेब आणि हे आपले बेकरीवाले भावजी. येतात, बॉनेट उघडतात आणि हात मागे बांधून सगळे आत बघत उभे राहतात, नवं बाळ बघायला आल्यासारखे. मग दातांचे डॉक्टर म्हणतात, "वा." मग शिंपी म्हणतात, "वा." की झाली सभा. घरी येऊन हे सांगतात, "आज फार छान गप्पा झाल्या."

मला त्यातलं काही कळत नसे. पण एकदा कळलं, तेही सांगून टाकते. यांच्या मावसभावाकडे डोंगरापलीकडे निघालो होतो. रस्ता कच्चा, वर नुकता पाण्याचा टँकर सांडून गेलेला, नुसता राडा. पुढच्या सगळ्या गाड्या घसरून आडव्यातिडव्या लागलेल्या. मी डोळे मिटले. यांनी गिअर उतरवला, आवाज बदलला, आणि चारही चाकांनी मिळून गाडी अशी काही उचलून वर नेली की मी डोळे उघडले तेव्हा आम्ही माथ्यावर होतो. पायाखाली प्रत्येक चाक काय करतंय ते मला समजत होतं. गाडी काही लपवत नव्हती. आणि यांचा चेहरा! लग्नात काढलेल्या एकाही फोटोत तो चेहरा नाही. मला भीतीही वाटली आणि हसूही आलं. यांनी एवढंच विचारलं, "कळलं?" मला कळलं होतं. पण बायकोनं लगेच कबूल करायचं नसतं, म्हणून मी म्हटलं, "हळू चालवा."

आता या गाडीची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. हिच्यात टर्बो म्हणून एक भाग असतो. इंजिनाच्या धुराच्या जोरावर आतलं चाक गरगर फिरतं आणि तापून लाल होतं. मुक्कामी पोचल्यावर इंजिन लगेच बंद केलं तर आतलं तेल करपतं. म्हणून गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, थोडा वेळ तसंच बसायचं. टर्बो थंड होईपर्यंत कोणी उतरायचं नाही. लग्नाला गेलो तरी बसायचं, पिशवीतलं आइस्क्रीम वितळलं तरी बसायचं.

माझे दिवस भरले तेव्हाची गोष्ट. भर दुपारी कळा सुरू झाल्या. यांनी गाडी अशी हाणली की त्या दिवशी कुठल्याच टर्बोची खैर नव्हती. दवाखान्याच्या दारात पोचलो. आया खुर्ची घेऊन धावत आली. मी दार उघडायला हात घातला, तर हे सवयीनं म्हणतात, "मिनिटभर थांब, टर्बो..."

पुढे मी काय बोलले ते या पाटीखाली सांगता येणार नाही. आया मात्र अजून भेटली की तोंडाला पदर लावते. मुलगी सुखरूप झाली. टर्बोही सुखरूप राहिला, कारण मला आत सोडून हे पुन्हा गाडीत जाऊन बसले होते.

तीच मुलगी आता हाडांची डॉक्टर आहे आणि तिथे दुसऱ्या रांगेत बसून मला 'आवरा' अशी खूण करते आहे. यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिनं फर्मान काढलं. "बाबा, तो क्लच आता बंद. गाडी विकून टाका." भावजींनी कधीपासून शब्द टाकून ठेवलाच होता. बेकरीत माणूस पावाची लादी भाजतो तशा हळुवार हातांनी ते गाडी सांभाळतील, याबद्दल शंका नाही. हे 'बरं' म्हणाले. नुसतं 'बरं'. आणि आत जाऊन पुस्तकाचं एकच पान उघडून बसले. मी बघत होते ना. पान पुढे जातच नव्हतं.

लेकीनं चालवून बघायला नवी गाडी आणली. सुंदर आहे हो, नावं ठेवायला जागा नाही. क्लच नाही, आवाज नाही. पट्टा लावा म्हणते, दार लागलं नाही म्हणते, डावीकडे सरकताय म्हणते. हे म्हणाले, "सूचना द्यायला घरात एक माणूस आहे, आणखी कशाला?" तरी चालवली. आम्ही बाजारात जाऊन आलो. दारात गाडी थांबली, यांनी बटण दाबलं, उतरले, आणि पिशव्या घेऊन घरात गेले.

आणि मी बसून राहिले. मला समजेना, काय राहिलं. मग लक्षात आलं, मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं.

मंडळी, यांना दिवसभर न बोलायची सवय. घरात शिरले की पुस्तक. मला यांच्याशी जे काही बोलायचं असे ते त्या थांबलेल्या गाडीत. लेकीला कुठल्या शाळेत घालायचं, सासूबाईंना आपल्याकडे आणायचं की नाही, माझी नोकरी गेली तेव्हा मी रडले, सगळं त्या गाडीत, दारासमोर, इंजिन गुरगुरत असताना. हे समोर बघत ऐकत असत. मधूनच म्हणत, "मग?" तेवढं मला पुरत असे.

गेल्या आठवड्यात भावजी गाडी नीट बघायला घरी आले. जाताना चहा घेता घेता मी म्हटलं, "भावजी, एक लक्षात ठेवा. बाजारातून आलात तरी टर्बो थंड होईपर्यंत उतरू नका."

भावजी हसले. म्हणाले, "वहिनी, गावातल्या गावात फिरून आल्यावर कसला टर्बो तापतोय? डोंगर चढून आलं, गाडी पिटाळली, तर थांबायचं. भाजी आणायला गेल्यावर आम्ही कोणीच थांबत नाही."

मी म्हटलं, "यांना हे माहीत नसेल."

"त्यांना? अहो, आम्हाला त्यांनीच तर शिकवलं!"

भावजी, त्या क्षणी तुम्ही आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलात, हे तुम्हाला आज कळतंय. ऐकलंत ना मंडळी? इतकी वर्षं हा माणूस भाजी आणून दारात पोचला की थंडगार टर्बो थंड करत बसत होता. मी बोलावं म्हणून! अहो, तुम्ही इकडे बघा. पाटीकडे काय बघताय? असं सांगता येत नव्हतं का एकदा? मी काय तुम्हाला खाल्लं असतं?

असो. डोळ्यांत काही गेलं नाही माझ्या, मी रडतेच आहे.

तेव्हा अध्यक्ष महोदय, आपल्या परवानगीनं कार्यक्रमात बदल सुचवते. किल्ली कोणालाही द्यायची नाही. भावजी, राग मानू नका, शब्द मोडतेय, त्याची शरम वाटते. पण रविवारी तुम्ही बॉनेट उघडून 'वा' म्हणायला कधीही या. लेकी, तू भुवया उंचावू नकोस. तुझ्या बाबांचा गुडघा क्लचवर जाणार नाही. माझा जाईल. माझे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत, लायसन्सही आहे, आणि माझ्या बहिणीची गाडी मी चांगली हाकते. या गाडीच्या त्या सीटवर मात्र मी आजवर फक्त फडकं मारायला बसले आहे, कारण यांनी तिचं स्टिअरिंग कोणाच्या हातात दिलेलं नाही. डॉक्टरांना नाही, शिंप्यांना नाही, मला तर नाहीच.

म्हणून सगळ्यांच्या देखत विचारते. अहो, गाडी ठेवायची असेल तर चालवणार मी. तुम्ही शेजारी बसायचं. चालेल?

नुसती मान हलवू नका. आज इथे बोललेलं चालतं, हवं तर सचिवांना विचारा.

काय? मोठ्यानं बोला.

मागे ऐकू गेलं नसेल, मी माइकवर सांगते. हे म्हणताहेत, "क्लचवर उगीच पाय ठेवून बसायचं नाही."

टाळ्या वाजवा मंडळी, हा होकार आहे! मला बघायला आले होते तेव्हाही, "मुलगी पसंत आहे का?" असं वडिलांनी विचारल्यावर हे एवढंच म्हणाले होते, "मला पहाटे उठायची सवय आहे." आम्ही त्यावर लग्न उरकलं.

आता आटोपते. समितीनं यांचा इतका मान केला, कर्मचाऱ्यांनी यांचा शिस्तीचा जाच प्रेमानं सोसला, वाचकांनी यांच्या चष्म्यावरच्या नजरेला भिऊन का होईना पुस्तकं वेळेवर परत केली, या सगळ्यांची मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाला जिव्हारी लागलं असेल, विशेषतः भावजींना, तर आपलीच समजून सांभाळून घ्या.

आणि शेवटची एक नम्र सूचना. ज्यांनी आपल्या गाड्या आमच्या निळ्या गाडीच्या पुढे-मागे लावल्या आहेत, त्यांनी चहाच्या आधी त्या काढून घ्याव्यात. मागे घ्यायचा गिअर कुठल्या बाजूला आहे, ते हे मला अजून सांगायचे आहेत.

नमस्कार.