शून्य रेषेवर बसलं तेव्हा

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, मुख्याध्यापिकाबाई, आज निवृत्त होत असलेले आमचे गणिताचे सर, आणि दुपारच्या वर्गातल्या माझ्या मैत्रिणींनो,

देवाचं नाव घेऊन उभी राहिले आहे. मॅट्रिक होऊन संसाराला लागलेली बाई मी, सभेत बोलायची सवय नाही. पण दोन वर्षं, दुपारी दोन ते चार, या शाळेत बारावीच्या गणिताला बसते, तेव्हा चार शब्दांचा हक्क आहे असं समजते.

आमच्या बारा जणींत आलेख काढणारा कॅल्क्युलेटर एकच. त्यात असमानता भरायची, म्हणजे हे त्याहून मोठं, ते याहून लहान. मग रेषेच्या वर की खाली ते सांगितलं की पडद्यावर पट्टे उमटतात. दोन असमानतांचे पट्टे जिथे एकमेकांवर येतात ते उत्तर. पण सरांचा दंडक असा, की कागदावर पेन्सिलीने रंगवल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकटी आखत असे. एकदा कुरकुरले, "सर, यंत्र असताना पेन्सिल कशाला झिजवायची?"

"काकू, खोटी बाजू रंगव म्हटलं तरी ते मुकाट रंगवतं. खरी कुठली, हे आपल्याला ठाऊक हवं."

त्यासाठी त्यांची युक्ती होती: एक्स आणि वाय, दोन्ही अक्षरांच्या जागी शून्य ठेवा. खरं आलं तर शून्याची बाजू रंगवा, खोटं आलं तर पलीकडची. मी ती जपासारखी घोकली.

परीक्षेत यंत्र नव्हतं, आणि रेषा नेमकी शून्यातूनच जाणारी. शून्य शून्यापेक्षा मोठं आहे का? नाही. म्हणजे पलीकडची बाजू. पण शून्यच रेषेवर मांडी घालून बसलेलं, मग पलीकडची कुठली? घाबरून खालची रंगवली. दोन गुणांनी नापास झाले. सूनबाई म्हणाली, "आई, पुरे आता. या वयात कुणाला दाखवायचंय?"

मी वर्गाची पुस्तकं परत करायला आले. सरांनी तेच गणित मला फळ्यावर करायला लावलं, मी पुन्हा शून्यापाशीच अडकले तेव्हा खडू आपल्या हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही चूक काकूंची नाही, माझी. मी एकच बिंदू शिकवला. रेषेवर उभं राहून बाजू कळत नाही, तिथून एक पाऊल हलावं लागतं."

मी विचारलं, "मग पुस्तकं ठेवू कुठे?"

"बाकावर. बसा, आणि आता एक आणि शून्य ठेवून बघा."

इतकी वर्षं शिकवलेला माणूस भर वर्गात आपली चूक सांगतो, हे आपण कितीदा पाहतो?

अध्यक्षमहाराज, मघाशी आपण म्हणालात की सरांबरोबर दुपारचा वर्गही थांबेल. आपला मान राखून सांगते, माझी फेरपरीक्षा सहा आठवड्यांवर आहे, आणखी दोघींचीही. सर नसले तरी आम्ही एकमेकींचे कागद तपासू. खोली तेवढी राहू द्या. खोलीची किल्ली सरांनी सकाळीच मला दिली. "परत कुणाकडे देऊ?" विचारलं, तर म्हणाले, "पास झालात की मुख्याध्यापिकाबाईंकडे." तेव्हा आज ती कुणी मागू नये.

सरांना देव उदंड आयुष्य देवो. आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. मोठ्यांपुढे काही अधिकउणं बोलले असेन तर पदरात घ्यावं. उद्या दोन वाजता खोली उघडायला मी येतेच आहे.