वन्संचं घर चुकवून

लपवू नको फोन, सायली, बघितलंय मी — त्या खोलीला स्वतःचा पोहायचा हौद हाय! लाजती काय? दोन वर्सं झाली लग्नाला, नऊ माणसांचं घर, तुमच्यात नि आमच्यात एक पत्रा — मला काय ऐकू येत नाय? कुजबुजत भांडता तेबी येतं. परवा तू रोहितला म्हणाली, 'मी जाते माहेरी, येणार नाय' — हां, तेबी ऐकलं. म्हणून तर म्हणते, दोन दिवस जा दोघं. पण हाटेल सासू निवडणार!

हे द्राक्षबागेतलं? नको गं, नामपूरच्या व्याह्यांचा नवनाथ तिथं मॅनेजर — तुम्ही खोलीत शिरायच्या आधी इथं फोन येईल. त्र्यंबक रोडचं? लय भारी, पण माझा मावसभाऊ गेटावर, घरी जेवायला नेल्याशिवाय सोडायचा नाय. हे धरणाकडचं बरं — सातच खोल्या, झाडीत, आपलं माणूस कोणी नाय. फक्त रोहितला गंगापूर रोडनं जाऊ द्यायचं नाय. का म्हणजे? तिथं छायावन्सं राहतात — त्याची आत्या!

आता निघालंच तर ऐक. रोहित व्हायच्या आधीची गोष्ट. तुझ्या सासऱ्यांनी नाशिकला लॉजवर खोली घेतली होती — हसू नको, त्यांनीच! घरी सांगितलं, बागेची औषधं आणायचीत. मी वांगी रंगाची नवी साडी नेसले. गंगापूर रोडला आल्यावर हे म्हणाले, बहिणीच्या दारावरून जायचं नि चहा नाय घ्यायचा, बरं दिसतं का? झालं! वन्संनी पिशवी आत नेऊन ठेवली. हे हॉलमधी पुरुषांत, मी स्वयंपाकघरात बायांमधी. सकाळी पोहे खाऊन एसटीनं परत. ती खोली मी बघितलीबी नाय. तीस वर्सं झाली, ह्यांना कव्हा बोलले नाय — वाईट वाटलं असतं त्यांना. मला? वाटलं की. अजून वाटतं.

जाऊ दे. तर आडगावावरून म्हसरूळ, मखमलाबाद करत न्यायचं त्याला — बापाचंच पोरगं हाय, चहाला वळायचं. आणि मला फोटो पाठव खोलीचा. एकच.

गप, आले हे. — काय नाय ओ, गहू निवडतोय. — हो, चाललीत पोरं नाशिकला, बँकेचं काम हाय. — काय? चाललीच हायेत तर वन्संकडं द्राक्षाची पेटी? नाय! — म्हंजे, त्यांना कशाला ओझं? पेटी आपण नेऊ ना, दोघं, उद्या एसटीनं. राहू की मुक्कामाला. तुम्ही हॉलमधी झोपा, मी झोपते बायांमधी — मला सवय हाय. — काय ओ? असं काय बघताय माझ्याकडं? — आठवतं व्हय तुम्हाला ते?

सायली, ऊठ. बॅग भर जा तुझी.