अंगाएवढी ऊब

नाव दुर्गाबाई कोंडीराम खिल्लारे, वय ४९ वर्षे, शिक्षण दुसरी, धंदा दातांच्या दवाखान्यात साफसफाई, राहणार बिबवेवाडी, पुणे.

मी स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की, सदाशिव पेठेतल्या डॉ. मंदाकिनी यांच्या दवाखान्यात मी सहा वर्षे कामाला आहे. आज तिथल्या उबेच्या पेटीतून जी बाटली गेली ती मी नेली. दवाखान्यातल्या मदतनीस चैतालीने नेली नाही. पेटीची किल्ली तिच्या ड्रॉवरात असते, ती झाडणारीला माहीत असणारच. तिला आधी घरी सोडा, मग लिहा, असं मी म्हटलं. क्रमाने सांगा, असं हवालदार हेमा मॅडम म्हणाल्या.

क्रमाने असं. माझ्या हिरड्यांतून रक्त येतं, खालचे चार दात हलतात, आतलं हाड झिजलं आहे. सगळे उपटून कवळी बसवा, असं मी डॉक्टरांना म्हटलं होतं. त्यांनी मला एका अभ्यासात घेतलं. माझी अक्कलदाढ काढली, मुळाला चिकटलेलं खरवडलं आणि त्यातल्या मूळ पेशी बाटलीत वाढायला ठेवल्या, विरजण लावतात तशा. उद्या त्या हिरडीखाली घालायच्या होत्या. गेलेलं हाड त्याने परत धरेलच असं नाही, हेही सांगितलं होतं. मला दुसरी अक्कलदाढ नाही.

बाटली चैताली सांभाळते. ती म्हणाली होती, "मावशी, हिला अंगाएवढी ऊब लागते. गार पडली की संपलं."

आज गुरुवारी अकराला लाईट गेली. पाचला येईल, असा कागद जिन्यात लावला होता. इन्व्हर्टरही बसला. डॉक्टर चिंचवडला, चैताली बाहेर. दोघींनी फोन उचलला नाही. पेटीला हात लावला तर गार होत होती. मला वाट बघत बसता येत नाही. अंगाएवढी ऊब पाहिजे, तर अंग आहे की माझं. बाटली रुमालात गुंडाळून पोलक्यात घातली. दवाखान्याची फरशी गार, माझ्या घराचा पत्रा तापतो, म्हणून घरी गेले. बसमध्ये धक्के लागतात म्हणून चालत गेले.

घरी भिंतीला टेकून बसले. हलले नाही. डोळा लागला. स्वप्नात माझं तोंड म्हणजे काळं रान झालं होतं, नुकतं पाणी दिलेलं. दात रोपांसारखे उभे. मी एकेक ओढून बघत फिरत होते, एकही हलेना. बांधावर आई ऊस सोलत होती. खरं तर ती गेली तेव्हा तिच्या तोंडात एकही दात नव्हता. तिने ऊस दातांनी सोलला आणि मला कांडं दिलं.

हे जबाबात नको, असं मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, दुपारी काय केलं ते तुम्हीच विचारलंत, घ्या.

साडेपाचला दवाखान्यात परत गेले, तर बाटली चोरल्याच्या संशयावरून चैतालीला इथे आणल्याचं कळलं. तशीच आले. डॉक्टरही इथेच होत्या, म्हणाल्या, "अहो दुर्गाबाई, निदान एक चिठ्ठी ठेवायची!" मी म्हटलं, "बाई, मी दुसरी शिकलेय. माझी चिठ्ठी होईपर्यंत ती गार पडली असती." चैताली रडता रडता हसली.

पेशी जगल्या की मेल्या, ते दुर्बिणीतून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. ठाण्याचे साहेब म्हणाले, बाटली मुद्देमाल आहे, टेबलावर ठेवा, जबाब झाला की डॉक्टरांना देऊ. टेबल लोखंडी आहे, वर पंखा आहे. मी ठेवली नाही. मग मॅडमनी पंखा बंद केला आणि बाटली आपल्या डाव्या मुठीत घेतली. तेव्हापासून त्या एका हाताने लिहीत आहेत. कागद सरकतो, तो मी धरला आहे.

लिहिलेलं मला वाचून दाखवलं, मी सांगितलं तसंच आहे, बरोबर आहे. बाटली अजून कोमट आहे, हेही बरोबर आहे.