आठवं दुकान

ताई : सात दुकानं झाली. आता आठवं कशाला? तो दुकानदार रुसून बसेल म्हणून?

धाकटा : ताई, चाकांची खुर्ची काय आपण रोज घेतो? हा तक्ता बघ. तिसऱ्या दुकानातली स्वस्त आहे, पण चाकं प्लॅस्टिकची. पाचव्यातली घडी होते, पण वजन अठरा किलो. सहाव्यातली सगळ्यात छान, तर किंमत दुप्पट.

ताई : आणि आई दोन महिने याच खोलीत, पलंगावर. तेही लिही की. रकाना नसेल तर आख.

धाकटा : घाईत घेऊन मग पस्तावायचं का?

आई : भांडू नका रे. मला इथून छत छान दिसतं. पंख्याला तीन पाती आहेत. रोज मोजते. चौथं फुटलं की कळवीन.

धाकटा : चेष्टा नको गं. सातव्या दुकानात म्हणाले, पुढच्या महिन्यात भाव उतरेल.

आई : उतरू दे की. मी तरी कुठे चाललेय?

ताई : बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन धूळ खातंय. पायानं नाही तर हातानं चालवीन म्हणते. तेवढंच मागितलंय तिनं, खिडकीपर्यंत जायचं.

धाकटा : मला कळत नाही का ते?

आई : कळतं. म्हणून तर लांबवतोयस.

धाकटा : ...एकदा खुर्ची घरात आली की ठरलंच ना गं, की तू आता चालणार नाहीस.

आई : ते पायांनी कधीच ठरवलंय, बाळा. तुझी तेवढी सही राहिली आहे.

ताई : आता डोळे पूस. तक्ता भिजला तर परत सात दुकानं फिरशील.

आई : बरं, यातली सगळ्यात अरुंद खुर्ची केवढी?

धाकटा : चोवीस इंच.

आई : आणि या खोलीचं दार?

धाकटा : दार?

आई : चाळीस वर्षं गावाची मापं घेऊन कपडे शिवले मी. आणि पोटच्या पोरानं सात दुकानं पालथी घातली, दार न मोजता!

ताई : त्याला वाटलं असेल, दारही दुकानातच मिळतं.

धाकटा : मोजतो. आत्ताच. जी बसेल ती संध्याकाळपर्यंत आणतो. भाव गेला खड्ड्यात.

आई : टेप माझ्या शिलाई मशीनच्या खणात आहे. आणि जातोच आहेस, तर ती खिडकी उघडून ये.